पाणी दिलेला पत्रा: गाडीच्या बॉडीतल्या उच्च ताकदीच्या पोलादाचं वेल्डिंग

लोहार विळ्याला पाणी देताना पाहिलं असेल, तर या लेखातली निम्मी गोष्ट तुम्हाला आधीच ठाऊक आहे. लालभडक तापलेलं पातं तो झटक्यात पाण्यात बुडवतो आणि तेच लोखंड कडक होऊन बाहेर येतं. पुढे ते पातं कधी आगीत पडलं, की त्याचं पाणी उतरतं. दिसायला जसंच्या तसं, पण धार धरत नाही.

आजच्या बऱ्याच गाड्यांचा बी-पिलर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब, असाच पाणी दिलेला असतो. बोरॉनचा किंचित अंश असलेला पत्रा कारखान्यात ९०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, लालबुंद असतानाच साच्यात दाबतात आणि साचा आतून थंड ठेवलेला असल्यामुळे पत्रा सेकंदाला सुमारे ३० अंश किंवा त्याहून जास्त वेगाने निवतो. साच्यात जाण्याआधी जेमतेम ६०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण सोसणारा पत्रा बाहेर येतो तेव्हा १५०० मेगापास्कल सोसतो. म्हणजे ताकद नुसत्या धातूत नाही, तो कसा तापला आणि कसा निवला यात आहे. आपण वेल्डिंगची टॉर्च घेऊन त्याच्याजवळ जातो, तेव्हा तो इतिहास पुन्हा लिहायला बसतो.

म्हणून ‘टाका सुबक दिसतोय, काम झालं’ ही सवय इथे मोडावी लागते. साध्या पत्र्यावर ती निभावून जाते. या पत्र्यावर टाका अखंड राहतो आणि शेजारची पट्टी मऊ पडते. गंमत अशी की सगळ्यात मऊ जागा टाक्याला अगदी चिकटून नसते. टाक्यालगतचा भाग इतका तापतो की पटकन निवताना तो बऱ्यापैकी परत कडक होतो. त्याच्या पलीकडे काही मिलिमीटरवर, जिथे तापमान ७०० अंशांच्या थोडं खाली राहिलं, तिथलं पाणी उतरतं. विकर्स मापात ४५० ते ५०० असलेली कठीणता तिथे ३०० च्या आसपास येते. ही पट्टी डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या अपघातात पिलर आधी तिथेच मुडपतो.

आधी पत्रा ओळखा

साधा पत्रा, म्हणजे माइल्ड स्टील, सुमारे ३०० मेगापास्कलच्या ताणाला तुटतो. त्याच्या वर उच्च ताकदीचे पत्रे येतात, मग ड्युअल फेज जातीचे (५९०, ७८० आणि ९८० हे मेगापास्कलचे आकडे त्यांच्या नावातच असतात) आणि सगळ्यात वर बोरॉनचा पाणी दिलेला पत्रा. एकाच दारचौकटीत यातले तीन एकमेकांवर टाके मारून बसवलेले सापडतात: बाहेरची कातडी साध्या पत्र्याची, मधली पट्टी बोरॉनची, आतली ड्युअल फेजची.

चुंबक सगळ्यांना चिकटतं, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. कानस बोरॉनवर घसरते आणि साधा ड्रिल जळतो, ही चिन्हं खरी आहेत. पण ती पत्रा कठीण आहे एवढंच सांगतात, जात सांगत नाहीत. खात्रीचा मार्ग एकच: गाडीच्या निर्मात्याचं बॉडी दुरुस्तीचं मॅन्युअल. त्यात सांगाड्याचं रंगीत चित्र असतं आणि कोणता भाग कोणत्या ताकदीचा ते दिलेलं असतं. चॅसिस नंबरवरून नेमक्या मॉडेलचं आणि वर्षाचं मॅन्युअल काढा. गाडी बाहेरून तीच दिसत असली तरी मधल्या एखाद्या बदलात आतल्या पत्र्याची जात बदललेली असू शकते. ‘मागच्या महिन्यात अशीच गाडी केली होती’ हा आधार धरू नका.

मॅन्युअलमधून तीन प्रश्नांची उत्तरं काढायची. भाग सरळ करता येतो का? मधून कापून जोडता येतो का, आणि येत असेल तर नेमका कुठे? जोडणी कशाने करायची: स्पॉट (तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबून विजेने टाका), मॅग (गॅसच्या आवरणात तार वितळवून टाका), ब्रेझिंग (मूळ पत्रा न वितळवता तांब्याच्या तारेने जोड), की स्पॉटसोबत अ‍ॅडहेसिव्ह?

साध्या पत्र्यासाठी जुना नियम आहे की वाकलेलं सरळ करा, मुडपलेलं बदला. बोरॉनला तोही लागू नाही. तो वाकला असेल तर सहसा बदलावाच लागतो, तोही बहुतेक वेळा कारखान्याच्या जोडापासून जोडापर्यंत अख्खा. आणि गॅसच्या ज्योतीने पत्रा लाल करून ओढणं साफ बंद. ज्या पोरांनी हे काम वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिकलं त्यांचा हात आपोआप ज्योतीकडे जातो, हे मी समजू शकतो. पण पोलाद डोळ्यांना लालसर दिसायला लागतं तोवर ते ५०० अंशांच्या पुढे गेलेलं असतं, आणि पाणी उतरायला त्याच्याही आधी सुरुवात झालेली असते.

मॅन्युअल बाजूला ठेवलं तर काय होतं, याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. अमेरिकेत डॅलसमध्ये २०१७ साली ज्यूरीने एका बॉडीशॉपवर ३ कोटी १५ लाख डॉलरची जबाबदारी टाकली. तिथे छताचा पत्रा निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे स्पॉट वेल्ड न करता अ‍ॅडहेसिव्हने चिकटवला होता. ती गाडी नंतर विकली गेली, पुढे तिचा अपघात झाला आणि आत बसलेलं जोडपं गंभीर जखमी झालं.

ठिणगी पाडण्याआधी

१२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअरबॅगच्या यंत्रणेत तरीही काही काळ वीज साठून राहते. निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबा आणि मगच जवळच्या जोडण्यांना हात लावा. पडदा एअरबॅगचा गॅसचा नळकांडा छताच्या कडेत किंवा मागच्या पिलरमध्ये लपलेला असतो आणि सीटबेल्ट ताणणारा स्फोटक भाग बी-पिलरच्या पायथ्याशी असू शकतो. कापायच्या आणि तापायच्या जागेजवळचे हे भाग उतरवूनच ठेवा.

गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर केशरी वेष्टनाच्या तारांना प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही. उच्च दाबाची वीज खंडित करून, शून्य व्होल्टेज मोजून, कुलूप लावूनच पुढे जायचं. बॅटरीची पेटी अनेकदा रनिंग बोर्डला (दाराखालच्या कडेला) लागून असते आणि आपलं वेल्डिंग नेमकं तिथेच असतं. उष्णतेची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा. बऱ्याचदा पेटी उतरवणं हाच उपाय असतो.

इंधनाच्या नळ्या, एसीचा गॅस, पोकळीतला फोम, सीम सीलर (सांधे बुजवणारा लेप), गालिचा, वायरिंग: पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघितल्याशिवाय सुरू करू नका. पोकळीतला फोम जळला की त्यातून अत्यंत विषारी धूर येतो. एसीचा गॅस गळत असताना जवळ आर्क पेटला तर त्यातूनही जहाल आम्ल वायू तयार होतात. पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. त्याची वाफ आणि आर्क एकत्र आले की फॉस्जीन तयार होऊ शकतो, आणि तो थोडा जरी श्वासात गेला तरी जिवावर बेतू शकतं. डबा बारा वेळा हातात येतो म्हणून मी तो वेल्डिंगच्या जागेतूनच हद्दपार केला आहे.

झिंक ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळतं १५०० च्या आसपास. म्हणजे झिंक लावलेल्या पत्र्यावर आर्क पेटला की पांढरा धूर येणारच. तो श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं आणि माणूस हवेला दोष देतो. धूर जागेवरच ओढणारी नळी लावा आणि वेल्डिंगच्या धुरासाठीचा मास्क घाला. तोंडाला बांधलेला रुमाल यात काहीही करत नाही. मॅगसाठी हेल्मेटची काच १० नंबरच्या आसपास हवी. स्पॉट मशीनच्या हातांभोवती मोठं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणून पेसमेकर बसवलेल्या माणसाने त्या जागेपासून लांबच राहायचं. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. अग्निशामक हाताशी हवा आणि काम संपल्यावर एक माणूस किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, तिथे लक्ष ठेवून हवा. फोम आतल्या आत धुमसत राहतो.

जुने टाके सोडवताना

बोरॉनवर साधा स्पॉट कटर दोन टाक्यांत बोथट होतो. कोबाल्टचा किंवा कार्बाइडचा ड्रिल घ्या, फेरे कमी ठेवा, दाब जास्त द्या. वेग वाढवला की ड्रिल तापतो आणि संपतो. जिथे ड्रिल पोचत नाही तिथे पट्ट्याचा सँडर बरा. घासून टाका संपवायचा तो काढून टाकायच्या पत्र्यातून. खाली राहणारी फ्लॅंज (टाके घ्यायची पत्र्याची कड) एक दशांश मिलिमीटरही पातळ करायची नाही, कारण नवा टाका त्याच फ्लॅंजवर उभा राहणार आहे. प्लाझ्मा कटर टाकाऊ भाग मोकळा करायला चालतो, पण राहणाऱ्या पत्र्याजवळ नाही.

बसवणी

नवा भाग लावून क्लॅम्प मारा, मोजणीच्या यंत्रावर सगळे बिंदू तपासा, दार आणि काच बसवून फटी बघा. मग काढा, साफ करा, परत लावा, परत मोजा. कंटाळा येतो, पण एकदा टाके पडले की या पत्र्याला ठोकून जागेवर आणता येत नाही. दोन पत्र्यांमध्ये फट राहिली असेल तर मशीनच्या दाबावर भरवसा ठेवू नका. साधा पत्रा दबून जवळ येतो, ९८० चा पत्रा मान तुकवत नाही. दाबाचा मोठा भाग फट मिटवण्यातच जातो आणि टाका कच्चा पडतो.

सफाईत रंग, सीलर आणि प्रायमर दोन्ही बाजूंनी काढायचा. झिंक मात्र विनाकारण घासून काढू नका. तेच गंजापासून वाचवतं. बोरॉनच्या पत्र्यावर पुष्कळदा झिंक नसून अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा थर असतो. तिथे मॅग करायचं असेल तर टाक्याच्या जागेपुरता तो थर काढावा लागतो, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम वितळलेल्या धातूत मिसळून टाका कमकुवत होतो. वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्ड करता येतं असा प्रायमर) मॅन्युअलने सांगितला असेल तरच, पातळ आणि पूर्ण सुकलेला हवा.

नमुना पट्टी

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. काढलेल्या जुन्या भागातून पट्ट्या कापा. पत्रे तेच, जाडी तीच, क्रम तोच आणि मध्ये अ‍ॅडहेसिव्ह असेल तर तेही. गाडीवर वापरणार त्याच सेटिंगने दोन टाके मारा. पहिला टाका तपासायचा नाही, दुसरा तपासायचा. कारण पहिल्या टाक्याला सगळा करंट मिळतो, तर दुसऱ्या वेळी त्यातला काही वाटा आधीच्या टाक्यातून निसटतो. गाडीवर सगळे टाके दुसऱ्यासारखेच असणार आहेत.

पट्टी शिकंज्यात धरून सोलून काढा. चांगला टाका एका पत्र्यातून बटण उपटून आणतो आणि दुसऱ्यात भोक पाडतो. बटणाचा व्यास मिलिमीटरमध्ये किमान ४ गुणिले जाडीचं वर्गमूळ भरायला हवा, लक्ष्य ५ गुणिले ठेवा. म्हणजे १ मि.मी. पत्र्याला ४ ते ५ मि.मी. आणि १.६ मि.मी.ला ५ ते ६.३ मि.मी. पत्रे वेगवेगळ्या जाडीचे असतील तर पातळ पत्र्याची जाडी धरा. अतिउच्च ताकदीच्या पत्र्यात टाका कधीकधी मधूनच, दोन पत्र्यांच्या सीमेवर तुटतो. प्रत्येक वेळी तो खराबच असतो असं नाही, पण तुटलेल्या जागेचा व्यास मोजून, मॅन्युअलच्या कसोटीला लावून बघितल्याशिवाय तो पास करू नका. नुसता चिकटून नाण्यासारखा स्वच्छ सुटला, तर तो टाका नव्हताच.

स्पॉट वेल्डिंग

या पत्र्यासाठी पहिली पसंती नेहमी स्पॉटला, कारण उष्णता थोड्या जागेत, थोडा वेळ आणि तांब्याच्या टोकांमधून लगेच परत ओढली जाते. जुनं साधं ट्रान्सफॉर्मर मशीन चालणार नाही. इन्व्हर्टर मशीन हवं, साधारण १०,००० अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट आणि टोकांवर ३.५ ते ५ किलोन्यूटन दाब देऊ शकणारं. कठीण पत्र्याला दाब जास्त लागतो, हे विसरून नुसता करंट वाढवला की वितळलेला धातू ठिणग्यांच्या फवाऱ्यात बाहेर उडतो. तो फवारा बघून काही जण खूश होतात. जो धातू टाक्यात राहायला हवा होता तो जमिनीवर पडलेला असतो.

मशीन लाख चांगलं असलं तरी त्याला वीज आणि हवा पुरी मिळायला हवी. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरवर व्होल्टेज पडतं. त्याच कॉम्प्रेसरवर शेजारी कोणी सँडर चालवला की टोकांचा दाब पडतो. नमुना पट्टी सकाळी पास झाली आणि दुपारी टाके कच्चे पडले, याचं उत्तर अनेकदा या दोनांत सापडतं.

टोकांचं तोंड दर काही टाक्यांनी घासून नीट करा. ती पत्र्याला काटकोनात बसायला हवीत. झिंक लावलेल्या कडक पत्र्यावर टोक तिरकं बसलं आणि करंट जास्त असला, की वितळलेलं झिंक पोलादाच्या कणांच्या सीमेत शिरून सूक्ष्म तडे पाडतं.

टाक्यांची संख्या आणि अंतर मॅन्युअलप्रमाणे. दोन टाके फार जवळ घेतले तर करंट जुन्या टाक्यातून पळतो आणि नवा अर्धवट राहतो. कारखान्याच्या जुन्या टाक्याच्या नेमक्या जागी नवा मारू नका, शेजारी घ्या. कडेपासून पुरेसं आत राहा, नाहीतर टाका कड फोडून बाहेर येतो. एका टोकापासून ओळीने मारत न जाता थोडे इथे, थोडे तिथे असे पसरून घ्या. मध्ये अ‍ॅडहेसिव्ह असेल तर त्याच्या कामाच्या वेळेतच सगळे टाके संपायला हवेत.

करंट थांबल्यावरही टोकं काही क्षण दाबून धरलेली राहतात. तो वेळ कमी करून काम उरकू नका. काही मशीन टाक्याचा ठिसूळपणा कमी करायला शेवटी एक हलका धक्का देतात. तो कार्यक्रम मशीनवर सोपवा. आणि टाक्यावर ओलं फडकं किंवा पाणी टाकून थंड करण्याची चाल इथे अजिबात नको.

स्पॉट पोचत नाही तिथे मॅग

पोकळ भागात मागून टोक घालता येत नाही तेव्हा भोक भरण्याचा टाका किंवा आधारपट्टीवर टोकाला टोक जोडणी करावी लागते. नेहमीची ईआर७०एस-६ तार सुमारे ४८० मेगापास्कलची असते. ती १५०० च्या पत्र्याची बरोबरी करत नाही हे लक्षात ठेवूनच निर्मात्याने टाक्यांची संख्या आणि आकार ठरवलेला असतो. ८ मि.मी.चं भोक सांगितलं असेल तर ६ मि.मी.वर भागवू नका. काही भागांसाठी जास्त ताकदीची तार सांगितलेली असते, तेव्हा तीच आणा.

बॉडीच्या पत्र्याला ०.६ किंवा ०.८ मि.मी. तार आणि आर्गनमध्ये १८ ते २५ टक्के कार्बन डायऑक्साइड, हे नेहमीचं गणित. भोक भरताना आर्क आधी खालच्या पत्र्यावर पेटवा, तो वितळला की गोल फिरत कडेपर्यंत या. उलट केलं तर वरचं भोक सुंदर भरतं आणि खालचा पत्रा जुळतच नाही. हा टाका पुढून पाहून कोणालाही कळत नाही, म्हणून मागची बाजू दिसत असेल तर तिथला उमटलेला ठसा बघा.

लांब शिवण एका दमात मारायची नाही. छोटा टाका, मग लांबचा दुसरा, मध्ये हवेत निवू द्यायचं. हाताने घाई होते म्हणून टाक्यापासून ठरावीक अंतरावर तापमानाचा खडू ओढून ठेवा. तो वितळला की थांबा. अर्थ क्लॅम्प टाक्याच्या जवळ, उघड्या चकचकीत पत्र्यावर लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून किंवा एखाद्या कंट्रोल युनिटमधून वाट शोधत नाही. पत्र्यावर तेल, गंज किंवा ओल ठेवू नका. त्यातला हायड्रोजन कडक पोलादात शिरला की तडा लगेच नाही, नंतर पडतो.

ब्रेझिंग

तांबं-सिलिकॉनची तार हजार अंशांच्या आसपास वितळते. त्यामुळे मूळ पत्रा वितळत नाही आणि झिंकही कमी जळतं. गॅस शुद्ध आर्गन लागतो. काही निर्माते ठरावीक जोडांवर हीच पद्धत सांगतात. पण ‘कमी उष्णता’ म्हणजे ‘बोरॉनला निर्धोक’ असं नाही. हजार अंश हेही पाणी उतरायला भरपूर झाले. शिवाय जोडाची ताकद चिकटलेल्या रुंदीवर अवलंबून असते, त्यामुळे पत्र्यावर पत्रा सांगितलेल्या रुंदीइतका हवाच.

एक चूक मात्र कधी करू नका: ब्रेझिंग बिघडलं म्हणून त्याच्यावर मॅग चढवणं. तांबं वितळून पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि जोड तडकतो. आधी तांब्याचा कण न् कण काढायचा.

टाके पडल्यावर

गाडीवरचे टाके सोलून बघता येत नाहीत, म्हणून नमुना पट्टी कामाच्या आधी आणि शेवटी दोन्ही वेळा मारा. शेवटची नापास झाली तर मधले टाके संशयास्पद. फ्लॅंजवर जागा असेल तिथे दोन टाक्यांच्या मध्ये छिन्नी अलगद सरकवून टाका सुटतो का बघा आणि पत्रा परत बसवा. बोरॉनवर ही तपासणी करू नका.

मग परत मोजमाप. त्यानंतर काजळी आणि जळलेलं झिंक साफ करून इपॉक्सी प्रायमर, सीलर, रंग. रंगानंतर पोकळीत लांब नळीने मेण फवारायचं. आतून जळलेली बाजू आपल्याला दिसत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. मेण आधी मारून नंतर ‘एक टाका राहिला’ म्हणून टॉर्च लावली तर ते पेट घेतं, त्यामुळे क्रम पक्का ठेवा.

बॅटरी जोडल्यावर एअरबॅगचा दिवा आणि साठलेले फॉल्ट कोड तपासा. त्या भागातले रडार किंवा कॅमेरा हलवले असतील तर त्यांचं कॅलिब्रेशन करून घ्या. मशीनचं सेटिंग, मॅन्युअलची छापील पानं, पत्रा झाकण्याआधीचे फोटो आणि सोललेल्या पट्ट्या, गाडीचा नंबर आणि तारीख लिहून एका पिशवीत ठेवा. आमच्याकडे त्या पिशव्यांचं एक कपाटच झालं आहे. नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला तेच उघडून द्यायचं आणि कुठली बटणं चांगली, कुठली फसलेली ते निवडायला सांगायचं.